अवस्थांतरी पदार्थयुक्त वस्त्रे

तापमानानुसार वितळणारा आणि थिजणारा पदार्थ तंतूत किंवा कापडावर बसवून अंगाजवळची उष्णता शोषण्याची व परत देण्याची क्षमता ज्या वस्त्रांना आणलेली असते, त्यांना अवस्थांतरी पदार्थयुक्त वस्त्रे म्हणतात. उष्णता, प्रकाश, ओलावा यांतील बदलाला आपणहून प्रतिसाद देणारे पदार्थ ‘स्मार्ट पदार्थ’ म्हणून ओळखले जातात. रंग बदलणारी रंजके आणि मूळ आकारावर परतणारा निकेल-टायटॅनियम मिश्रधातू हेही त्यांतलेच.

खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजते आणि बाटली उन्हात ठेवली की पातळ होते. या वस्त्रांतही हेच घडते. घनाचा द्रव होत असताना पदार्थ पुष्कळ उष्णता घेतो, परंतु वितळणे संपेपर्यंत त्याचे तापमान वाढत नाही. पॅराफिन या मेणासारख्या पदार्थांच्या वर्गातील ऑक्टाडेकेन सुमारे २८° से.ला वितळते व त्याला दर ग्रॅमला २४० जूलच्या आसपास अप्रकट उष्णता, म्हणजे तापमान न वाढता केवळ वितळण्यात खर्च होणारी उष्णता, लागते. तेवढेच सुती कापड एका अंशाने तापवायला जेमतेम १.३ जूल पुरतात. त्वचेचे तापमान साधारण ३३° असल्याने वस्त्राच्या थरानुसार योग्य द्रवणांकाचे (वितळण्याच्या तापमानाचे) पॅराफिन किंवा त्यांचे मिश्रण निवडतात.

वितळलेले मेण कापडातून पाझरू नये म्हणून ते काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या बंद कुप्यांत भरतात. कुपीचे कवच बहुधा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड या कठीण प्लॅस्टिकचे असते. १९८० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या साहाय्याने झालेले या कुप्यांचे संशोधन अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी होते. पुढे कोलोरॅडोतील आउटलास्ट कंपनीने ते बाजारात आणले. ॲक्रिलिकचे तंतू द्रावणातून ओढले जात असल्याने कुप्या थेट तंतूतच मिसळता येतात. पॉलिएस्टर मात्र २८०°च्या आसपास वितळवून ओढावे लागते आणि तिथे कुप्यांचा टिकाव लागणे अवघड असते. कापडावर लेप देणे सोपे, पण लेप जाड झाला की कापड ताठर होते आणि हवा खेळत नाही.

या वस्त्रांच्या जाहिराती वाचताना साधा हिशेब करून पाहावा. जाकिटात ५० ग्रॅम ऑक्टाडेकेन असेल, तर ते सुमारे १२,००० जूल उष्णता शोषू शकते. स्वस्थ बसलेले माणसाचे शरीर सेकंदाला साधारण १०० जूल उष्णता बाहेर टाकते, म्हणजे ही सगळी क्षमता दोन मिनिटांची झाली. प्रत्यक्षात शरीराची केवळ जादा उष्णता शोषायची असल्याने परिणाम अधिक वेळ जाणवतो, तरीही ‘दिवसभर गारवा’ हा दावा गणितात बसत नाही. उष्ण-थंड अशी सतत ये-जा असेल तिथेच हे वस्त्र खरे उपयोगी पडते: शीतगृहात आत-बाहेर करणारा कामगार, चढावर घामाघूम होऊन माथ्यावर गारठणारा गिर्यारोहक. मे महिन्यातल्या मुंबईत रात्रीचा पाराही २७°च्या आसपास राहतो, त्यामुळे २८°ला वितळलेले मेण पुन्हा पुरते थिजण्याची संधीच कमी. कुप्या वितळलेल्याच राहतात आणि अंगावर उरते ते थोडे जड कापड.

पॅराफिन पेट घेते, म्हणून अग्निशामकांच्या पोशाखात ते वापरताना ज्वालारोधक प्रक्रिया करावी लागते. धुलाईचा प्रश्नही आहेच. १९९१ मध्ये अमेरिकेत गाजलेले, हात लावताच रंग बदलणारे ‘हायपरकलर’ टी-शर्ट गरम पाण्याने धुतले की निकामी होत आणि काखेत घामाच्या उष्णतेने भलत्याच रंगाचे डाग दाखवीत. अवस्थांतरी कुप्या त्याहून चिवट असल्या, तरी लेपातल्या कुप्या घासण्याने सुटतात किंवा फुटतात. तंतूत कोंडलेल्या अधिक टिकतात.