वालाचे दाणे, सोयाबीन आणि कमला सोहोनी

दिवाळीच्या आसपास नागपूरच्या कळमना मार्केटला सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, विदर्भातला कास्तकार वर्षभराचा हिशेब त्या भावावर करतो, पण हेच सोयाबीन कच्चं दळून कोंबड्यांना घातलं तर त्यांची वाढ खुंटते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रोटीन तर त्यात ठासून भरलंय, मग अंगी का लागत नाही? 1917 साली ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर हेच बघितलं होतं, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढेनात आणि शिजवून दिलं की वाढायला लागले. कारण कळायला अजून बरीच वर्षं गेली.

आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम लहान आतड्यात येतं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ती ट्रिप्सिन कापतं, आणि तेही कुठेही नाही, लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढेच. आता सोयाबीनच्या दाण्यात एक छोटं प्रोटीन असतं, ट्रिप्सिन त्याला नेहमीचं खाद्य समजून पकडतं आणि मग चावी कुलपात अडकून बसावी तसं ते त्याच्या कापायच्या जागेत घट्ट बसतं, ट्रिप्सिन बंद. असं एन्झाइमला अडवणाऱ्या पदार्थाला इन्हिबिटर म्हणतात. 1945 मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधल्या या इन्हिबिटरचे स्फटिक केले. ट्रिप्सिन कमी पडतंय असं दिसलं की स्वादुपिंड अजून जोरात बनवायला लागतं, उंदरांमध्ये तर ते फुगून मोठं होतं, म्हणजे खाल्लेलं पचत नाही ते नाहीच, वर शरीराचं स्वतःचं प्रोटीनही वाया जातं.

उपाय साधा आहे, उष्णता. म्हणून तर तेल काढल्यावर उरणारी पेंड, म्हणजे डीओसी, जी पोल्ट्रीवाले घेतात, ती नीट भाजली गेली का हे तपासावं लागतं, आणि त्यासाठी सहसा सोयाबीनमधलंच युरीएज नावाचं दुसरं एन्झाइम मोजतात, कारण ते मेलं म्हणजे इन्हिबिटरही बऱ्यापैकी मेला असं धरता येतं. जास्त भाजलं तर लायसिन जातं, तेही नुकसानच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कमला सोहोनी. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की एकच किस्सा सांगितला जातो, की 1933 मध्ये त्या मुंबईहून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधन करायला गेल्या आणि डायरेक्टर सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून नाही म्हटलं, या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष प्रोबेशनवर ठेवू, काम पटलं तरच मान्यता देऊ, अशा अटींवर घेतलं. किस्सा खरा आहे आणि चीड आणणारा आहे. (रामन सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपूरलाही होते, आणि गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात आपली पोरं शाळेच्या सहलीला जातातच, तेव्हा पोरांना ही बाजूही सांगा.) पण मला खटकतं ते हे, की किस्सा सगळ्यांना पाठ आणि त्यांनी पुढे काय शोधलं ते कोणालाच ठाऊक नाही.

बंगलोरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी, कडधान्यं यांच्या प्रोटीनवर काम केलं. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं, म्हणजे श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं जे प्रोटीन प्राण्यांमध्ये माहीत होतं ते झाडातही आहे. 1939 मध्ये पीएचडी, आणि विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण, हे कितीतरी वाचणाऱ्या लोकांनाही माहीत नसतं!

लग्नानंतर 1947 मध्ये त्या मुंबईला आल्या, तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला लागल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या रोजच्या खाण्यातल्या वस्तूंकडे वळल्या. त्यांचं नीरेवरचं काम गाजलं, त्याला राष्ट्रपतींचा पुरस्कारही मिळाला, पण मला जास्त मोठं वाटतं ते 1950 च्या दशकातलं ट्रिप्सिन इन्हिबिटरचं काम. भारतीय खाद्यपदार्थांत हा इन्हिबिटर कशाकशात आहे ते त्यांनी तपासलं, वाल आणि डबल बीनमधून तो वेगळा काढला, शुद्ध केला, त्याचे गुणधर्म नोंदवले. हिवाळ्यात आपण वालाच्या, पोपटाच्या शेंगा आणतो आणि दाणे चांगले शिजवून खातो, त्या शिजवण्यात नेमकं काय होतं याचं उत्तर अशा कामातून मिळतं.

याला नुसतं पोषणशास्त्र म्हणून बाजूला ठेवू नका, कारण एन्झाइम नेमकं अडवायचं कसं हा आजच्या औषधांचा गाभाच आहे. आपल्या शरीरातही ट्रिप्सिनला आवर घालणारं प्रोटीन आहे, स्वादुपिंड ते स्वतःच बनवतं, नाहीतर ट्रिप्सिन आतड्यात पोचायच्या आधीच चालू होऊन स्वादुपिंडालाच पचवायला लागलं असतं. त्या प्रोटीनच्या स्पिंक1 जीनमधला बदल भारतातल्या बऱ्याच क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेच्या, पेशंटमध्ये सापडलेला आहे. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन आणि फॅक्टर टेन-ए हे दोघंही ट्रिप्सिनच्याच खानदानातले, आणि रक्त पातळ ठेवायला डॉक्टर अपिक्साबॅन किंवा डाबिगॅट्रान देतात ते त्यांच्या कापायच्या जागेतच जाऊन बसतं. बीपीची रॅमिप्रिल, कोलेस्टेरॉलची अटोर्व्हास्टॅटिन, शुगरची सिटाग्लिप्टिन, घरातल्या म्हाताऱ्यांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा, निम्म्या गोळ्या कुठलं ना कुठलं एन्झाइम अडवणाऱ्याच निघतील.

आता आपल्या नागपूरच्या दुखऱ्या जागेवर येतो. इथे चौकाचौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो आणि कॉलेजच्या पोरांच्या गालात पांढरे चट्टे दिसतात, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, त्यातले काही चट्टे पुढे कॅन्सरचे होतात. सोयाबीनमध्ये बोमन-बर्क नावाचा आणखी एक इन्हिबिटर असतो, तो ट्रिप्सिन आणि त्याच्यासारखंच प्रोटीन कापणारं कायमोट्रिप्सिन दोन्ही अडवतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो कॅन्सरला रोखतो असं दिसल्यावर अमेरिकेत तो ल्युकोप्लाकियाच्या पेशंटना देऊन बघितला. सुरुवातीच्या छोट्या ट्रायलमध्ये चट्टे कमी झाले, सगळ्यांना आशा वाटली, पण नंतर प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसशी, तुलना करून मोठी ट्रायल झाली तिचे निकाल 2013 मध्ये आले आणि दोन्ही गटांत फरकच दिसला नाही. म्हणजे टेस्ट ट्यूबमध्ये एन्झाइम अडलं म्हणून माणसात रोग अडेलच असं नसतं, मध्ये पचन आहे, डोस आहे, तो पदार्थ योग्य जागी पोचतो की नाही हे आहे. त्यामुळे कोणी सोया पावडरने खर्ऱ्याचे चट्टे जातात म्हणून विकायला आलं तर घेऊ नका, खर्रा आजच थांबवा आणि मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन तोंड तपासून घ्या.