एक लिटर पेट्रोल आणि तापणारी पृथ्वी

एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. ते इंजिनात पूर्णपणे जळाले की त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टाकीत ओतले त्याच्या तिप्पट वजन धुराबरोबर निघते म्हणजे हिशेबात काहीतरी चुकले असावे, असे प्रथम ऐकणाऱ्याला वाटते. पण चूक कोठेही नाही. पेट्रोलमध्ये वजनाने मुख्य भाग कार्बनचा असतो आणि जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू स्वतःला जोडून घेतो. कार्बनच्या अणूचा भार १२, ऑक्सिजनच्या दोन अणूंचा मिळून ३२. म्हणून १२ ग्रॅम कार्बन जळाला की ४४ ग्रॅम वायू तयार होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला जाणवत नाही, त्यामुळे आपण काही टाकून दिले आहे याची पुसटशीही जाणीव कोणाला होत नाही. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून जगभरात दरवर्षी असा सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. जागतिक तापमानवाढीचा विचार या वजनापासून सुरू करावा असे मला वाटते, कारण पुढचे बहुतेक सारे त्यातूनच उलगडत जाते.

सूर्यप्रकाशाचा मोठा भाग हवेतून आरपार येतो आणि जमीन व समुद्र तापवतो. तापलेली पृथ्वी ही ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, किरणांच्या रूपाने पुन्हा बाहेर टाकते. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो आणि हे दोन्ही वायू अवरक्त किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे रेणू मात्र अशा रीतीने कंप पावतात की ते हे किरण शोषून घेतात आणि त्यातली काही ऊर्जा खाली परत पाठवतात. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या जवळ आहे. 'हरितगृह परिणाम' हे नाव आता रूढ झाले असले तरी ते थोडे फसवे आहे. काचेचे हरितगृह मुख्यतः आतली गरम हवा कोंडून ठेवल्यामुळे उबदार राहते, तर वातावरण किरणांची वाट अडवते. हा परिणाम मुळात वाईट नाही, त्याच्यावरच आपले जगणे उभे आहे. प्रश्न आहे तो आपण त्यात घातलेल्या भरीचा.

हे ज्ञान अलीकडचे आहे असा समज दिसतो, आणि तो खोटा आहे हे आवर्जून सांगायला हवे. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन संशोधिकेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती नळकांडी उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे साध्या हवेच्या नळकांड्यापेक्षा जास्त तापले, आणि सावलीत आणल्यावर थंड व्हायलाही त्याला कितीतरी अधिक वेळ लागला. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, असा निष्कर्ष तिने तेव्हाच मांडला. तिच्या उपकरणातून सूर्याचा प्रकाश आणि अवरक्त किरण वेगळे ओळखता येत नव्हते. ते काम १८५९ पासून भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी केले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचे गणित हाताने सोडवले. त्यांचे उत्तर ५ ते ६ अंशांचे होते. आजचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे, पण कागद आणि लेखणी एवढ्याच साधनांनी ते जिथवर पोहोचले ते पाहून मन भरून येते.

प्रत्यक्ष आणि सलग मोजणी सुरू झाली ती १९५८ मध्ये. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील माउना लोआ पर्वतावर, शहरांच्या धुरापासून दूर, हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दर १० लाख रेणूंमागे त्याचे सुमारे ३१५ रेणू होते. आज ४२० हून अधिक आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोलवर अडकलेले हवेचे बुडबुडे तपासल्यावर गेल्या ८ लाख वर्षांची नोंद हाती आली, आणि त्या साऱ्या काळात हा आकडा १८० ते ३०० यांच्या दरम्यानच वरखाली होत राहिलेला दिसतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० होता.

ही वाढ माणसामुळेच झाली हे कशावरून, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तर फार देखणे आहे. निसर्गात कार्बनचे तीन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आढळतात. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करताना जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ किंचित अधिक पसंत करतात, म्हणून प्राचीन जीवांच्या अवशेषांपासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१३ चे प्रमाण कमी असते. किरणोत्सारी कार्बन-१४ तर त्यांत उरलेलाच नसतो, कारण सुमारे ५,७०० वर्षांत तो निम्मा होतो आणि ही इंधने कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून आहेत. हवेतला नवा कार्बन खनिज इंधनांतून येत असेल तर हवेतील कार्बन-१३ आणि कार्बन-१४ या दोहोंचा वाटा घटला पाहिजे, आणि जळण्यात खर्च झालेला ऑक्सिजनही किंचित कमी झाला पाहिजे. तिन्ही गोष्टी मोजून सिद्ध झाल्या आहेत. ज्वालामुखींकडे बोट दाखवले जाते, पण त्यांतून वर्षाकाठी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाने सोडलेल्याच्या १ टक्क्याहूनही कमी असतो. सूर्य प्रखर झाला म्हणावे, तर १९७८ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीत तशी वाढ आढळत नाही. शिवाय सूर्य कारणीभूत असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचे स्थितांबर थंड होते आहे. उष्णता खालीच अडते आहे याची ही खूण आहे, आणि हवामानशास्त्रज्ञ सुकुरो मानाबे यांच्या १९६७ च्या गणिताने ती आधीच सांगितली होती.

कार्बन डायऑक्साइड हे सर्वांत मोठे कारण असले तरी एकटे नाही. जंगले तोडल्याने साठलेला कार्बन हवेत जातो आणि तो शोषणारी झाडेही जातात. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली की तिच्यातूनच हा वायू सुटतो. रवंथ करणारी जनावरे, पाणी साचलेली भातखाचरे, कचऱ्याचे ढिगारे आणि गळके वायुनळ यांतून मिथेन निघतो. २० वर्षांच्या काळात वजनास वजन धरले तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींच्या आसपास तापवतो. यात भर घालते ती स्वतः तापलेली पृथ्वी. तापमान १ अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, आणि बाष्प हाही उष्णता अडवणाराच वायू आहे. समुद्रावरचा पांढरा बर्फ वितळला की खालचे काळसर पाणी उघडे पडते, ते अधिक ऊन शोषते आणि उरलेला बर्फ आणखी वेगाने वितळतो.

परिणामांविषयी बोलताना आपण हवेचे तापमान सांगतो, पण अडलेल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात गेला आहे. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनेक मीटरच्या थराची उष्णता धरण्याची क्षमता साऱ्या वातावरणाइतकी असते, यावरून त्याने आपल्यासाठी केवढा भार उचलला आहे याची कल्पना यावी. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात येऊन मिळतो. इथे जमिनीवरचा हा शब्द महत्त्वाचा आहे. पेल्यातला तरंगता बर्फ वितळला तरी पेल्यातील पातळी वाढत नाही, बाहेरून बर्फाचा खडा टाकला तर वाढते. १९०१ पासून समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आहे आणि २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने चढत होती. हा वेग विसाव्या शतकातल्या वेगापेक्षा खूपच अधिक आहे. समुद्र कार्बन डायऑक्साइडही शोषतो. त्यामुळे पाण्यातील आम्लता औद्योगिक काळापासून २५ टक्क्यांहून अधिक वाढली आहे, आणि चुन्याचे कवच रचणाऱ्या जीवांना ते जड जाते आहे. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून पाणी १ अंशाने गरम राहिले आणि तसेच काही आठवडे टिकले, तरी प्रवाळ आपल्यातील रंगीत शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी उष्णतेची लाट आजच्या तापमानाला त्याच काळात जवळजवळ तीनदा येते, आणि अधिक बाष्प धरणारी हवा पाऊस देते तेव्हा तोही कोसळल्यासारखा देते.

२०११ ते २०२० या दशकात पृथ्वी औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सरासरी १.१ अंशांनी उष्ण होती. २०२४ हे एक वर्ष तर दीड अंशाच्या पुढे गेले. यापुढे काय होईल हे पुन्हा त्या वजनावरच अवलंबून आहे. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो, म्हणून त्याला आवर घातला तर त्याचा गुण लवकर दिसतो. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याचा काही भाग जंगले आणि समुद्र घेतात, पण बराच भाग शतकानुशतके आणि काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. म्हणून दरवर्षीची भर थोडी घटवली तरी साठा वाढतच जातो. भर पूर्ण थांबली, तर तापमानाची वाढ काही वर्षांतच जवळपास थांबेल, असे आजची गणिते सांगतात. समुद्र मात्र खोलवर गेलेल्या उष्णतेमुळे त्यानंतरही कित्येक शतके हळूहळू वर चढत राहील, आणि तो किती चढेल हे तोवर आपण हवेत किती टन कार्बन सोडलेला असेल त्यावर ठरेल.