जॉबर पद्धती

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरणे, त्यांच्याकडून काम करवून घेणे, रजा देणे आणि कामावरून काढणे हे अधिकार व्यवहारात खात्याच्या मुकादमाकडे, म्हणजे जॉबरकडे, सोपवणारी व्यवस्था. मॅनेजर, त्याच्या हाताखाली खात्याचा मास्तर, मग हेड जॉबर व लाइन जॉबर अशी सामान्य उतरंड असे. वाइंडिंग व रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांतील स्त्रियांवर नायकीण, म्हणजे स्त्री-मुकादम, असे. तिच्याविषयीची माहिती त्रोटक आहे.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापलेली गिरणी 1856 च्या सुमारास ताडदेवला सुरू झाली. तेव्हापासून जॉबर होता की गिरण्या वाढल्यावर त्याचे महत्त्व वाढले, हे ठरवणे कठीण. कोकण-घाटावरून मजूर आणण्यासाठी मध्यस्थाची गरज होती, हे जुने स्पष्टीकरण. मजुरांचा तुटवडा नव्हताच, असे दाखवून इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी त्याला छेद दिला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावातील चाळ, खानावळ, उधारी व गाववाल्यांच्या संबंधांकडे लक्ष वेधले: जॉबरचे वजन वस्तीवर अवलंबून होते आणि वस्ती त्याला आवरही घाली. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते.

साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, जॉबर हा साचे (माग) दुरुस्त करणारा कारागीरही होता. विणकराला मजुरी उत्पादनावर मिळे. साचा बंद पडला की कमाई थांबे. कोणाचा साचा आधी हाती घ्यायचा आणि गैरहजर विणकराच्या साच्यावर कोणता बदली (त्याच्या जागी काम करणारा हंगामी कामगार) उभा करायचा, हे जॉबर ठरवी. खरी सत्ता इथे होती. नेमणुकीच्या वेळची दस्तुरी, म्हणजे कामगाराकडून घेतलेली लाच, हा तिचा सर्वांना दिसणारा भाग. (चौकशी समित्यांचे लक्ष मात्र दस्तुरीवरच अधिक खिळलेले दिसते.) तरीही माणसे टिकवली नाहीत तर जॉबरचेच खाते अडे, त्यामुळे संपात तो नेहमी मालकाच्याच बाजूला असे, असे म्हणता येत नाही.

भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरचे भरतीचे अधिकार काढून कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली: महिन्याच्या आरंभी निवडक बदली कामगारांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरच्या मर्जीला यामुळे काही प्रमाणात चाप बसला, पण त्याचा वशिला चालतच राहिला असावा. 1950 च्या योजनेने बदली भरतीचे बरेचसे काम सरकारी रोजगार यंत्रणेकडे गेले.

भिवंडी व इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जॉबर आजही आहे. तिथे तो मुख्यतः माग लावणारा व दुरुस्त करणारा कारागीर होय.