रशियन फुटबॉल, १९१२

झारकालीन रशियात अखिल रशियन फुटबॉल संघाची (देशभरातील फुटबॉलच्या संघटनेची) स्थापना, फिफामध्ये प्रवेश, ऑलिंपिकमधील पहिला सहभाग आणि शहरसंघांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा या चारही घटना १९१२ मध्ये घडल्या. रशियात तेव्हा जूलियन पंचांग चालू होते व ते ग्रेगरियन पंचांगाच्या १३ दिवस मागे होते. त्यामुळे या संघटनेचा स्थापनादिन काही ठिकाणी ६ जानेवारी, तर काही ठिकाणी १९ जानेवारी असा आढळतो. प्रस्तुत नोंदीत नव्या पंचांगाच्या तारखा दिल्या आहेत.

सेंट पीटर्सबर्गमध्ये १९०१ पासून साखळी स्पर्धा भरत असे. तेथील गिरण्या-कारखान्यांतील इंग्रज व स्कॉटिश नोकरदारांच्या क्लबांचा तिच्यावर प्रारंभी वरचष्मा होता. मॉस्कोची साखळी १९१० मध्ये सुरू झाली आणि ओरेखोवो-झुयेवो येथील मोरोझोव्ह कापडगिरणीच्या संघाने ती सलग चार वर्षे जिंकली. दोन्ही शहरांत चुरस होती. नव्या अखिल रशियन संघटनेचे अध्यक्षपद आर्थर मॅकफर्सन यांच्याकडे गेले. पण उभारणीचे मुख्य श्रेय पीटर्सबर्गचे क्रीडापत्रकार व संघटक गेओर्गी द्युपेरॉन यांना द्यावे लागते.

राष्ट्रीय संघाचा पहिला सामना कोणता, याविषयी मतभेद आहेत. १९१० मध्ये प्रागच्या कोरिंथियन्स संघाशी झालेले सामने काही जण आरंभबिंदू मानतात. १९११ मध्ये इंग्लंडच्या हौशी संघाने पीटर्सबर्गमधील तीन सामने १४-०, ७-० व ११-० असे जिंकले. त्यांनाही कधी कधी तसा मान दिला जातो. मात्र त्या वेळी देशव्यापी संघटनाच नव्हती आणि यजमान संघात मुख्यतः पीटर्सबर्गचे खेळाडू होते. म्हणून स्टॉकहोम ऑलिंपिकमधील ३० जून १९१२ चा सामना पहिला धरणे अधिक सयुक्तिक ठरते. फिफाची गणनाही त्यापासूनच होते.

त्या सामन्यात रशिया फिनलंडकडून १-२ असा हरला. रशियाचा एकमेव गोल कर्णधार वासिली बुतुसोव्ह यांचा. फिनलंड हा तेव्हा रशियन साम्राज्यातीलच महाप्रांत असून ऑलिंपिकमध्ये त्याचा स्वतंत्र संघ उतरला होता, त्यामुळे हा पराभव अधिक झोंबला. दुसऱ्याच दिवशी सांत्वन स्पर्धेत (मुख्य स्पर्धेतून बाद झालेल्या संघांच्या स्पर्धेत) जर्मनीने रशियाला १६-० असे हरवले. गोटफ्रीड फुक्स यांनी एकट्याने १० गोल केले व १९०८ च्या ऑलिंपिकमधील डेन्मार्कच्या सोफस नील्सन यांच्या विक्रमाशी बरोबरी साधली. रशियाच्या राष्ट्रीय संघाचा हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव होय. केवळ खेळाडूंच्या कुवतीवर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पीटर्सबर्ग व मॉस्को यांचा समतोल सांभाळत निवडलेल्या या खेळाडूंना एकत्र खेळण्याचा सराव जवळजवळ नव्हता, शिवाय लागोपाठ दोन दिवस मैदानात उतरावे लागले. सांत्वन स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघाने जुलैमध्येच मॉस्कोला येऊन ९-० व १२-० असे विजय मिळवले.

एकूण ऑलिंपिक अपयशाला रशियन वृत्तपत्रांनी ‘क्रीडाक्षेत्रातील त्सुशिमा’ म्हटले. १९०५ मध्ये त्सुशिमा येथे जपानकडून झालेल्या नाविक पराभवाची आठवण त्यामागे होती. पुढल्याच वर्षी किएव्हमध्ये पहिले अखिल रशियन ऑलिंपियाड, म्हणजे ऑलिंपिकच्या धर्तीवरील देशांतर्गत क्रीडास्पर्धा, भरले.

शरद ऋतूत शहरसंघांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. मॉस्कोत खेळला गेलेला पीटर्सबर्ग-मॉस्को अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि फेरसामना पीटर्सबर्गने ४-१ असा जिंकला. दक्षिणेकडील शहरांचा सहभाग मर्यादित होता. १९१३ च्या अंतिम सामन्यात ओदेसाने पीटर्सबर्गला हरवले. परंतु नियमापेक्षा जास्त परदेशी खेळाडू उतरवल्याच्या कारणावरून तो निकाल रद्द झाला.