रोबो-युद्धाच्या रिंगणाची जमीन

दूरनियंत्रित यंत्रे ज्या बंदिस्त रिंगणात एकमेकांशी झुंजतात, त्या रिंगणाचा तळ. सुरक्षिततेचा भार पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंतींवर असतो, त्यामुळे चर्चा त्यांचीच होते. लढत कशी रंगेल हे मात्र बरेचसे जमिनीवर ठरते. पाचरीच्या आकाराचे वेज आणि पुढे काढलेले काटे जमिनीला घासत प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरतात. अर्धा मिलिमीटर उंचवटाही त्यांना जागीच अडवतो.

जमिनीवर सर्वांत मोठा आघात यंत्र आपटण्याचा होत असेल, असे वाटते. हिशेब वेगळे सांगतो. १.३६ किलोचा (३ पौंडी गटातला) रोबो १ मीटरवरून पडला, तर सुमारे १३ जूल ऊर्जा जमिनीवर येते. त्याच रोबोवर शस्त्र म्हणून बसवलेली ०.४ किलोची, ५ सेंमी त्रिज्येची भरीव दातेरी चकती मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे २७५ जूल, म्हणजे २० पट ऊर्जा साठलेली असते. रोबो उलटला किंवा कलला की तिचे दात थेट तळाला लागतात. त्यामुळे जमीन खचते कमी आणि खरवडली जाते जास्त. ११३ किलोच्या (२५० पौंडी) हेवीवेट गटात हेच आकडे अनेक पटींनी वाढतात. ‘बॅटलबॉट्स’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेचे सुमारे १४.६ मीटर बाजूचे चौरस रिंगण पोलादी तळाचे आहे, आणि त्या तळाचे सांधे चालकांची जुनी डोकेदुखी आहेत.

हलक्या गटांसाठी उघडे प्लायवुड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) चालते. ते स्वस्त असते, आवाज गिळते आणि खराब झालेला तुकडा सहज बदलता येतो. पण त्याच्या ढलप्या निघतात, ओल लागली की एमडीएफ फुगते आणि लिथियम बॅटरी पेटली की लाकूड जळते. ॲल्युमिनियम हलके असले तरी मऊ असते. शिवाय पकड वाढवण्यासाठी पोटाखाली चुंबक लावणाऱ्या रोबोंना त्याचा काहीच उपयोग नसतो. तळ कशाचा आहे, हे स्पर्धकांना आधीच कळवायला हवे ते यासाठीच.

लहान रिंगणांना प्लायवुडवर बसवलेला ३ मिमी एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाचा) पत्रा बहुतेक वेळा पुरतो: पत्रा घाव झेलतो, प्लायवुड धक्का पचवते. पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २४ किलो होते. ६ मिमी प्लेटचे ४७. पत्र्याला खालून सर्वत्र टेकू हवा, नाहीतर तो पिंपाच्या झाकणासारखा खाली-वर होतो. झीजरोधक कठीण पोलाद घ्यावे का, हा नेहमीचा वाद. त्यावर ओरखडे कमी पडतात, पण ते महाग असते, त्याला भोके पाडताना ड्रिल झिजतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ त्याचा कठीणपणा उतरतो. साधे एमएस लवकर जखमी होते, तसेच लवकर बरेही होते. वारंवार लढती घेणाऱ्याला तेच परवडते.

सांधा हा खरा कसोटीचा भाग. पोलादाची २.४ मीटर लांबीची प्लेट तापमान २० अंशांनी वाढले की जवळपास ०.६ मिमी लांबते. प्लेटा घट्ट भिडवल्या तर त्या वर उचलल्या जातात, सैल ठेवल्या तर फट राहते. या दोहोंत फट बरी! १ मिमीची फट काटा बहुधा ओलांडतो, तेवढीच पायरी मात्र त्याला थांबवते. म्हणून दोन्ही कडांना किंचित उतार देतात आणि सांध्याखाली सलग आधार ठेवतात. सांधा वेल्ड करायचाच असेल, तर थोड्या थोड्या अंतरावर टाके मारून, जागा बदलत, थंड होऊ देत करावा. एका दमात ओढलेले वेल्ड प्लेट वाकवते. स्क्रू काउंटरसंक, म्हणजे शंकूसारख्या खळग्यात बसणारे हवेत आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या जराशी खाली.

दोन लढतींच्या मध्ये तळ झाडून काढतात. लोखंडी कीस उचलणारा चुंबकी झाडू इथे कामाचा नाही, तो जमिनीलाच चिकटतो. मग हातमोजे घालून तळ चाचपतात, उठलेली बर (धातूची धारदार कड) ग्राइंडरवरच्या फ्लॅप डिस्कने, म्हणजे घासकागदी चकतीने, खाली घासतात, वर आलेले स्क्रू आवळतात. धूळ आणि तेल राहिले तर चाके घसरतात, म्हणून शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घेतात. खोल खाचा वेल्डने भरून सपाट करायचे काम दिवसाअखेर करावे, तेही पत्र्याखालचे लाकूड धुमसत नाही ना, हे पाहत. रंगाने गंज थांबतो आणि चित्रीकरणात तळ देखणा दिसतो, पण त्याचे पोपडे चाकांना चिकटतात. पातळ, खरखरीत थर त्यातल्या त्यात टिकतो. उघड्या पोलादाला साठवणीपूर्वी तेलाचा हलका हात देतात. पुढच्या स्पर्धेच्या सकाळी ते पूर्ण उतरवायला विसरले, तर पहिल्या लढतीत दोन्ही रोबो जागच्या जागी चाके फिरवत राहतात.