कोरडा दुहेरी क्लच (स्वयंचलित गिअरप्रणाली)

मोटारीच्या इंजिनाची शक्ती दोन स्वतंत्र क्लचांमार्फत आलटून पालटून चाकांकडे पोहोचवणारी आणि ते क्लच तेलात न बुडवता कोरडेच ठेवणारी गिअरप्रणाली. सात गतींच्या प्रचलित रचनेत १, ३, ५ व ७ हे गिअर एका क्लचवर, तर २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर असतात. दोन्ही क्लचांचे दंड एकाच अक्षावर फिरतात, कारण एक दंड पोकळ असून दुसरा त्याच्या पोटातून जातो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेत असतानाच तिसरा गिअर गुंतवून ठेवलेला असतो. बदलाच्या क्षणी एक क्लच सुटतो, दुसरा धरतो आणि शक्तीचा ओघ जवळजवळ खंडित होत नाही.

ही कल्पना फ्रेंच अभियंते आदोल्फ केग्रेस यांनी १९३९ च्या सुमारास मांडली. मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या गाड्यांत ती फोक्सवॅगनने २००३ मध्ये आणली, पण तो क्लच तेलात बुडालेला, म्हणजे ओला होता. कोरड्या क्लचाचा सात गतींचा गिअरबॉक्स २००८ मध्ये आला. त्याची सहनक्षमता २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतच (फिरवण्याच्या जोरापर्यंत) आहे. क्लच तेलात घुसळावा लागत नसल्याने शक्ती कमी वाया जाते व इंधन वाचते. मात्र उष्णता वाहून नेणारे तेलही नसते. या प्रणालीचे गुण आणि दुखणी दोन्ही या एकाच गोष्टीतून निघतात.

डाव्या पायाखालचे पेडल गेले म्हणून क्लच गेला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात आतमध्ये साध्या गाडीसारखीच घर्षणावर चालणारी क्लचप्लेट असते आणि ‘हाफ क्लच’ही होतोच, फक्त तो पायाऐवजी संगणक करतो. ब्रेक नीट दाबलेला असताना क्लच सुटलेला असतो व झीज होत नाही. ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंचाइंचाने सरकवली, की प्लेट घसरत राहते आणि तापते. म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत पुढच्या वाहनाला चिकटून सतत सरकण्याऐवजी थोडी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जावे. मागचा हॉर्न वाजवणारच. तो क्लचच्या खर्चात वाटेकरी होत नाही.

चढावर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. जोतिबाच्या यात्रेत किंवा रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवर रांग थांबली, की अनेक चालक ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी चढावर तोलून धरतात. कोरड्या क्लचवर याइतका जाच दुसरा नाही. अशा वेळी ब्रेक किंवा ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) वापरावा. गाळप हंगामात गगनबावड्याच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकल्यास गिअर हाताने बदलण्याची सोय वापरून पहिलाच गिअर कायम ठेवणे बरे, म्हणजे संगणक पहिल्या-दुसऱ्यात सारखा हेलकावत नाही. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तर सुरक्षित जागी थांबून पी (पार्किंग) स्थितीत तो निवू द्यावा. उतारावर गाडी लावताना आधी हॅण्डब्रेक ओढावा व नंतर पी लावावे. एरवी गाडीचे सारे वजन पी स्थितीतल्या छोट्या अडसरावर येते.

देखभालीत तेलाचा विषय सर्वाधिक गोंधळाचा आहे. क्लच कोरडा असला तरी गिअरांना तेल लागतेच, शिवाय क्लच व गिअर हलवणाऱ्या मेकॅट्रॉनिक विभागाचे तेल निराळे असते. चुकीच्या तेलाचा परिणाम थेट विजेच्या भागांवरही होऊ शकतो: २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून सिंथेटिक तेलाऐवजी खनिज तेल भरले, कारण उष्ण व दमट हवामानात वीजपुरवठ्यात बिघाड संभवत होता. बॅटरी अशक्त झाल्यासही गिअरबॉक्स चुकीच्या सूचना देतो, त्यामुळे महाग दुरुस्तीपूर्वी तीच तपासावी.

पंचगंगेला पूर आल्यावर, २०१९ व २०२१ प्रमाणे, पाण्यात उभी राहिलेली अशी गाडी सुरू करू नये. क्लचचे आवरण पाणबंद नसते. आत शिरलेले पाणी पृष्ठभागांवर गंज धरते आणि नंतर निघताना थरथर जाणवते.

थरथर कोणत्या गिअरला येते, हे मिस्त्रीला सांगणे उपयोगाचे ठरते. पहिल्याला आल्यास विषम गिअरांचा क्लच, तर दुसऱ्याला किंवा रिव्हर्सला आल्यास सम गिअरांचा क्लच संशयित असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात साधी क्लचप्लेट बदलणारे कुशल हात मुबलक आहेत. पण या जोड-क्लचसाठी विशेष अवजारे व फटीचे काटेकोर मोजमाप लागते आणि शेवटी निदान-संगणकावर मूळ जुळणी करावी लागते. ती राहिली, तर नवा क्लचही पहिल्याच सिग्नलला झटके देतो.