हिमनदी क्रूझ : विदर्भाच्या खेड्यांतून करावयाचे नियोजन

हिमनद्या आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे प्राणी पाहण्यासाठी थंड प्रदेशातील समुद्रात जहाजाने केलेला प्रवास म्हणजे हिमनदी क्रूझ. राहणे, जेवणे आणि पाहणे हे तिन्ही जहाजावरच होते; बंदरांवर अधूनमधून उतरता येते. अलास्का, नॉर्वे व त्याचा स्वालबार्ड द्वीपसमूह, ग्रीनलंड, चिलीचा दक्षिण भाग आणि अंटार्क्टिका हे अशा प्रवासाचे मुख्य प्रदेश. विदर्भातून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर पडतो, त्यामुळे इथल्या खेड्यांतून जाणारे थोडेच. निवृत्त शिक्षक, बँकेतून सुटलेली मंडळी, एखादा संत्रा बागायतदार, आणि बहुतकरून मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत असलेले आईवडील असा हा वर्ग आहे. थंडीची धास्ती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात गाडी अडते ती कागदपत्रांवर आणि शेतीच्या दिनमानावर.

हिमनदी आणि विदर्भ

पडलेला बर्फ वितळण्याआधी त्यावर पुन्हा बर्फ पडत राहिला की वर्षानुवर्षांच्या थरांचा भार खालच्या थरावर येतो, त्यातली बरीच हवा निघून जाते आणि दगडासारखा घट्ट झालेला बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, म्हणून कडा निळा दिसतो; धोतराला नीळ जास्त व्हावी तसा. जी हिमनदी थेट समुद्रात उतरते तिच्या तोंडाचे कडे तुटून पाण्यात कोसळतात. जहाज सुरक्षित अंतरावर उभे असते, त्यामुळे आधी कडा पडताना दिसतो आणि क्षणभराने वीज कडाडल्यासारखा आवाज येतो. पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यांत जुनी हवा दाबून बसलेली असते. ते वितळताना बुडबुडे फुटतात आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सगळीकडून येत राहतो. छायाचित्रांत हे येत नाही.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विदर्भाच्या भूमीवरही हिमनद्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे चुनखडकाच्या गुळगुळीत झालेल्या पाठीवर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या बर्फाने तळाशी धरलेले दगड खडकावरून घासत नेले, त्याच्या त्या खुणा; एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी त्या नोंदवल्या. त्यांच्यावरचा लहानमोठ्या गोट्यांचा थर तालचीर या नावाने ओळखला जातो. वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात कोळशाच्याही खाली हाच तालचीर आहे. त्या काळी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते, आणि त्या भूखंडाला जगभर मिळालेले ‘गोंडवन’ हे नाव मुळात गोंडांच्या मुलखाचे. अंटार्क्टिकाचे तिकीट काढणाऱ्या चंद्रपूरकराने आधी इरईला एक चक्कर टाकावी. खर्च पेट्रोलपुरताच आहे.

प्रदेशाची निवड

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी अलास्काच बरे. सिअ‍ॅटल किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारी सात दिवसांची क्रूझ बराच वेळ बेटांच्या आडोशाने, ‘इनसाइड पॅसेज’ नावाच्या जलमार्गाने जाते, त्यामुळे पाणी बहुतेक वेळ शांत असते. अमेरिकेचा १८८६ चा एक जुना कायदा परदेशी निशाणाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न करता, अमेरिकेतच परत उतरवू देत नाही. म्हणून सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारी जहाजे वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला टेकतात. हा कायदा विदर्भातल्या माणसाला कशाला कळायला हवा, ते पुढे व्हिसाच्या जागी येईल.

अलास्काच्या सगळ्याच क्रूझ एकाच हिमनदीकडे जात नाहीत, आणि जाहिरातीत दिसणारा निळा कडा आपल्या मार्गावर असेलच असे नाही. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजे सोडतात, आणि ते परवाने ठरावीक कंपन्यांकडेच आहेत. तिथली मार्जरी हिमनदी सुमारे ३४ किलोमीटर लांब असून तिचे तोंड पाण्यावर पंचवीस मजली इमारतीएवढे उभे आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना या उपसागराच्या जागी जवळजवळ सगळा बर्फच दिसला होता. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ ४८ किलोमीटरहून अधिक मागे सरकला होता. त्याआधी पुढे येणाऱ्या बर्फाने हूना त्लिंगिट या मूळ रहिवाशांची वस्ती तिथून उठवली होती. व्याघ्र प्रकल्पातून उठलेल्या गावांच्या शेजारी राहणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हबर्ड हिमनदी १२२ किलोमीटर लांब आहे, म्हणजे नागपूरहून अमरावतीकडे निघालेली एसटी मोझरीच्या आसपास पोचेल तेवढी. जगभर हिमनद्या आटत असताना ही मात्र गेल्या शतकात पुढेच सरकत आली. काही जहाजे ट्रेसी आर्म किंवा एंडिकॉट आर्म या अरुंद खाड्यांत शिरतात. ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये हिमनदीच्या तोंडाजवळ डोंगराचा मोठा भाग कोसळून प्रचंड लाट उसळली, आणि त्यानंतर अनेक जहाजांचे मार्ग बदलले गेले. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या तारखेच्या जहाजाचा मार्ग नावानिशी वाचून घ्यावा. ‘हिमनदी दर्शन’ एवढ्या शब्दांवर भुलू नये.

बंदरांपैकी जुनोला मेंडेनहॉल हिमनदी गाडीने जाऊन पाहता येते, पण जुनो गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमान नाहीतर बोट. केचिकानला पाऊस, स्कॅगवेला सोन्याच्या शोधात आलेल्यांची जुनी रेल्वे. दुकाने सगळीकडे सारखीच.

हंगाम आणि शेतीचे वर्ष

अलास्काचा हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे खरिपाच्या बरोबर डोक्यावर. शेती असलेल्या घराला मे महिना त्यातल्या त्यात मोकळा. वखरणी झालेली असते, मृगाला अवकाश असतो, आणि गावात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. मे महिन्यात अलास्काच्या या भागात पाऊस तुलनेने कमी, डोंगरांवर बर्फ जास्त, आणि भाडेही सहसा उतरलेले. हवाईकडे हिवाळा काढून आलेले कुबड देवमासे तोवर परतू लागतात. अडचण एकच, लग्नसराईची. घरातले लग्न सोडून बर्फ पाहायला गेल्याचे गाव वर्षानुवर्षे विसरत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सॅमन मासे ओढ्यांत चढतात आणि अस्वले त्यांच्या मागे काठावर येतात. प्राणी पाहायला हाच काळ उत्तम, पण तेव्हा पऱ्हाटीचे निंदण, डवरण, फवारणी एकमेकांवर आलेले असते, आणि पुढे पोळा. बैलजोडी असलेला माणूस पोळ्याला जहाजावर असणे शक्य नाही. सप्टेंबरात पाऊस वाढतो, भाडे पुन्हा घटते, आणि इकडे सोयाबीन कापणीला येते. आंबिया बहाराचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला ठोक देणारे संत्रा बागायतदार यात सुखी. त्यांना तारखा निवडता येतात.

अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा कापूस वेचणी चालू असते आणि मजूर मिळवणे हेच पूर्णवेळ काम होऊन बसते. तो प्रवास वावर बटाईने दिलेल्यांचा किंवा पेन्शनवाल्यांचा.

कागदपत्रे

नियोजन किमान वर्षभर आधी सुरू करावे, आणि सुरुवात पासपोर्टपासून. विदर्भासाठी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. खेड्यातल्या वयस्कर मंडळींचा घोळ बहुधा नावाचा असतो: आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे, बाईंचे माहेरचे की सासरचे हा प्रश्न वेगळाच. हे आधी एकसारखे करून घ्यावे. व्हिसाचा अर्ज भरल्यावर ते निस्तरणे फार महाग पडते.

अलास्कासाठी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो आणि त्याची मुलाखत विदर्भातल्या लोकांना सहसा मुंबईला द्यावी लागते. मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात. मुलाकडे जाण्यासाठी हा व्हिसा आधीच काढलेला असेल तर अर्धे काम झाले, म्हणूनच ‘मुलाकडे सहा महिने आणि त्यात आठवडाभर क्रूझ’ ही रीत रूढ झाली आहे. वर सांगितलेल्या १८८६ च्या कायद्यामुळे जहाज कॅनडाला टेकते, त्यासाठी कॅनडाचा व्हिसा वेगळा, आणि परत शिरण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. ‘आम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणारच नाही’ ही सबब जहाजावर चढताना कामी येत नाही.

स्वालबार्ड नॉर्वेचा असला तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे. तिथे जाताना नॉर्वेच्या मुख्य भूमीतून बाहेर पडून पुन्हा तिथेच यावे लागते, म्हणून शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्यावा. एका प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलेला माणूस परतीत अडकतो.

उत्पन्नाचा पुरावा हा शेतकऱ्याचा खास प्रश्न. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने अनेकांनी विवरणपत्रच भरलेले नसते. ते दोन-तीन वर्षे आधीपासून, शेतीचे उत्पन्न दाखवून, भरत राहावे. सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या पट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणारे बँकेचे पुस्तक जवळ ठेवावे. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली की शंका येते. मुलाखतीत खरा प्रश्न असतो तो परत येण्याचा, आणि त्याला नावावरच्या जमिनीइतके सरळ उत्तर नाही. क्रूझ पॅकेज भारतातल्या कंपनीकडून घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, आकारला जातो. तोही विवरणपत्र भरल्यावरच वळता करून घेता येतो.

कपडे

कापूस पिकवणाऱ्या मुलखातून निघताना कापूसच घरी ठेवावा लागतो. सुती कापड घाम आणि पाऊस धरून ठेवते, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. अंगालगत पातळ लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, त्यावर उबदार, आणि सर्वांत वर पाणी-वारा अडवणारे असे तीन थर लागतात. नऊवारी किंवा पाचवारी नेसणाऱ्या आजींनी आत गरम पायजमा घालून वर साडी नेसलेली चालते, फक्त ओल्या डेकवर काठ घोट्याच्या वर हवा.

अलास्काच्या उन्हाळ्यात दिवसाचे तापमान साधारण १० ते १८ अंश असते. पौषातल्या पहाटे हरभऱ्याच्या जागलीला बसलेल्या माणसाला यात नवे काही नाही. हिमनदीसमोर मात्र बर्फावरून खाली येणारा वारा लागतो आणि तिथे दोन-तीन तास उभे राहायचे असते, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

प्राणी

ताडोब्याची सवय असलेल्यांची इथे सुरुवातीला निराशा होते. जंगलात गेट असते, गाइड असतो, चितळाचा कॉल येतो. समुद्रात तासन्‌तास नुसते पाणी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्याची गणना केलेला माणूस मात्र इथे पटकन रुळतो, कारण कसब तेच आहे: न बोलता एका जागी पाहत राहणे. देवमाशाचा आधी फवारा दिसतो, मग पाठ, आणि खोल बुडी घेताना शेपूट. काही ठिकाणी कुबड देवमासे गटाने बुडबुड्यांचे जाळे करून मासे कोंडतात आणि तोंड वासून एकदम वर येतात. सील मादी तरंगत्या बर्फावर पिले घालते. आठ किंवा दहापट दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र असावी. नवरा-बायकोत एक दुर्बीण म्हणजे भांडण ठरलेले.

प्रकृती आणि जेवण

इनसाइड पॅसेजमध्ये बोट लागण्याचा त्रास कमी, अलास्काच्या उघड्या आखातात जास्त. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली कमी हलते. रक्तदाब, मधुमेहाची औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. विमा घेताना रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते पाहावे, कारण तिथे रुग्णवाहिका म्हणजे हेलिकॉप्टर.

विदर्भाच्या संदर्भात सिकलसेलचा उल्लेख आवश्यक आहे. रक्ताचा हा आनुवंशिक आजार इथल्या अनेक समाजांत आढळतो, आणि थंडी व शरीरातले पाणी कमी होणे या दोन्हींनी त्याच्या वेदनांचा झटका येऊ शकतो. रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा बेत करू नये. घरात कोणाला असेल तर इतरांनीही आधी तपासणी करून घ्यावी.

जहाजावर शाकाहारी जेवण मिळते, आधी कळवल्यास जैनही. ठेचा, चटणी, चिवडा बंद पाकिटात नेता येतो. संत्री नेऊ नयेत. ताजी फळे अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात, आणि लपवली तर दंड होतो.

अंटार्क्टिका

बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उश्वाया येथून निघतात आणि ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस घेतात. ते दोन दिवस अनेकजण खोलीतच आडवे असतात. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि लहान जहाजांतूनही एका जागी एका वेळी शंभरच माणसे उतरतात. स्वस्त पडते म्हणून मोठे जहाज घेणाऱ्याला पेंग्विन लांबूनच पाहावे लागतात, आणि हे त्याला बहुधा जहाजावर गेल्यावर कळते. उतरलेल्यांनी पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचे. तो स्वतः जवळ आला तर आपण थांबायचे, वाट त्याची.

उतरण्याआधी कपड्यांची आणि बुटांची कसून तपासणी होते, परका एकही दाणा त्या भूमीवर जाऊ नये म्हणून. धुऱ्यावरून चाललेल्या माणसाच्या पँटच्या शिवणीत कुसळ असते, लेसमध्ये गोखरू, पिशवीच्या चिकटपट्टीत गवताचे बी, तळव्याच्या खाचेत वाळलेली काळी माती. हे सगळे चिमट्याने आणि व्हॅक्यूमने काढून, बूट जंतुनाशकात बुडवून मगच रबरी होडीत बसू देतात. वावरातले बूट घरी ठेवून नवेच नेले तर हा अर्धा तास वाचतो.